बारा तालुके, बारा बटणं

मी टायपिंग शिकले ते रेमिंग्टनच्या लोखंडी मशीनवर. आता कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यापासून चालत दोन-तीन मिनिटांवर माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, हाताखाली एक मुलगी. प्रतिज्ञापत्रं, संमतिपत्रं, तहसीलचे अर्ज हे रोजचं काम. १८ ऑगस्ट २०२५ पासून समोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत हायकोर्टाचं सर्किट बेंच बसायला लागलं. सहा जिल्ह्यांची जी कामं मुंबईला जायची ती इकडे आली आणि माझी पंचाईत झाली. तहसीलचं सगळं मराठीत, हायकोर्टाचं सगळं इंग्रजीत. एका तासात दहा वेळा भाषा बदला.

बोटांचे हे हाल कमी करायला म्हणून मी कीबोर्डची फुकटातली, ओपन सोर्स सॉफ्टवेअरं एकेक करून वापरून बघितली. त्यांच्यावर इंग्रजीत रग्गड लिहिलेलं आहे, पण लिहिणारा माणूस इंग्रजीतच टाइप करणारा. कीबोर्ड मराठीत असताना ही हत्यारं चालतात का, हे कुणी सांगत नाही. माझी परीक्षा तीच.

पहिलं ऑटोहॉटकी. हे फक्त विंडोजवर चालतं, २००३ पासून आहे, आणि बटण दाबलं की काय व्हावं हे एका साध्या टेक्स्ट फायलीत लिहून ठेवायचं. आपल्या जिल्ह्यात तालुके बारा आणि कीबोर्डच्या वरच्या ओळीत एफची बटणंही बारा. हे लक्षात आलं त्या दिवशी मी दुकानात एकटीच हसले. कंट्रोल दाबून एफ-१ ला करवीर, दोनला पन्हाळा, तीनला शाहूवाडी, चारला हातकणंगले, असं करत बाराला गगनबावडा. 'ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर' एवढं एका दणक्यात उमटतं. हातकणंगलेतला अनुस्वार 'क' वर की 'ण' वर, हा घोळ घालणारी माणसं मी वकिलांतही बघितलीत. तो घोळ कायमचा मिटला.

एफची बटणं घेण्यामागं कारण आहे. ऑटोहॉटकीत 'काही इंग्रजी अक्षरं टाइप करा, त्यांचा लांब मजकूर होईल' अशी सोय आहे. पण इनस्क्रिप्ट मराठी (सरकारमान्य मराठी कीबोर्ड) चालू असताना इंग्रजी अक्षरं आणायची कुठून? एफच्या बटणांना भाषा नसते. मराठीत असा नाहीतर इंग्रजीत, ती आपली जागच्या जागी.

आता त्याचे दोष. जुन्या पहिल्या आवृत्तीत माझ्या भाच्यानं फाइल करून दिली, बटण दाबलं, तर मराठीच्या जागी कसलीतरी किडामुंगी उमटली. फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत), सुरुवातीच्या खास खुणेसकट सेव्ह केली नाही तर ती आवृत्ती मराठी वाचायचीच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दुसरी आवृत्ती आली, ती यूटीएफ-८ च धरून चालते, त्यामुळं हा त्रास गेला. पण तिची लिहिण्याची पद्धत बदललेली. नेटवरचे निम्मे नमुने जुन्या पद्धतीचे, ते उतरवून घेतले की एरर. नवीन माणसानं थेट दुसरीच घ्यावी आणि नमुना कुठल्या आवृत्तीचा आहे ते आधी बघावं.

दुसरा प्रकार माझ्याच चुकीचा. एकदा लाइट गेली, परत आली, कॉम्प्युटर चालू केला. समोर रुकडीचे एक आजोबा. मी सवयीनं कंट्रोल आणि एफ-४ दाबलं, आणि सगळं प्रतिज्ञापत्र बंद व्हायला निघालं. ऑटोहॉटकी सुरूच नव्हतं, आणि वर्डमध्ये त्या जोडीचा मूळ अर्थ 'फाइल बंद करा' असा आहे. नशीब, सेव्ह करायचं का विचारतं ते. आजोबा म्हणाले, "बाई, आमच्या तालुक्याचं नाव काढलं की मशीन बंद पडतंय व्हय?" त्या दिवशी ती फाइल स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये गेली. कॉम्प्युटर उठला की तीही उठते.

काही ऑनलाइन फॉर्म पेस्ट करू देत नाहीत. तिथं ऑटोहॉटकी एकेक अक्षर खरंच टाइप केल्यासारखं पाठवतं, त्यामुळं काम होतं. मात्र फायलीची ईएक्सई (थेट चालणारा प्रोग्रॅम) करून दुसऱ्याला देऊ नका. अँटीव्हायरस ती व्हायरस समजून उचलतो, आणि समोरच्याला वाटतं आपणच काहीतरी घातलं.

दुसरं एस्पान्सो, छोटी खूण टाइप केली की तिच्या जागी लांब मजकूर टाकणारं. याची ओळख झाली ती कायद्यामुळं. १ जुलै २०२४ ला दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. माझ्या प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या तळाला 'कलम १९३, १९९, २०० अन्वये शिक्षेस पात्र राहीन' असं वाक्य. आता तिथं २२९, २३६, २३७ पाहिजेत. जुन्या वर्ड फायली चाळीसभर. एकेक उघडून बदलल्या, एक राहिली. नेमकी तीच एका वकीलसाहेबांच्या हातात गेली. त्यांनी काही न बोलता लाल पेनानं गोल करून परत दिली, ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

एस्पान्सोत तो मजकूर एकाच फायलीत एकाच ठिकाणी असतो. तिथं आकडा बदलला, सेव्ह केलं, की पुढच्या क्षणापासून सगळीकडं नवा. हे ऑटोहॉटकीतही होतं, नाही असं नाही. पण एस्पान्सोत फॉर्म करता येतो. खूण टाइप केली की छोटी चौकट उघडते, नाव, वय, गाव विचारते, आणि 'मी खाली सही करणार' पासून 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' पर्यंत सगळं भरून देते. आजची तारीखही आपणहून घालते. माझ्याकडची मुलगी हे दोन दिवसांत शिकली. ऑटोहॉटकीची फाइल अजून ती उघडायला घाबरते.

मग त्यात वाईट काय? खुणा साधारण कोलननं सुरू करायची पद्धत आहे, आणि इनस्क्रिप्टमध्ये त्या बटणावर छ बसलाय. म्हणजे आधी इंग्रजीत या, खूण टाका, मग परत मराठीत जा. प्रतिज्ञापत्राच्या सुरुवातीला एकदाच लागतं म्हणून चालतं. वाक्याच्या मध्ये मी ते वापरत नाही. शिवाय लांब मजकूर ते पेस्ट करूनच टाकतं, त्यामुळं पेस्ट न चालणाऱ्या फॉर्ममध्ये अडकतं. सेटिंगमध्ये बॅकएंड, म्हणजे मजकूर टाकायची पद्धत, 'इंजेक्ट' करावी लागते, मग ते पेस्ट न करता एकेक अक्षर टाइप करतं. आणि त्या फायलीत टॅब दाबायचा नाही, जागा स्पेसनंच सोडायची. जन्मभर परिच्छेद टॅबनं सुरू केलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे शिक्षाच.

आणखी एक. खुणांच्या फायलीत गिऱ्हाइकाचा आधार नंबर किंवा कुणाचा पासवर्ड ठेवू नका. ती साधी उघडी फाइल असते, कुणीही वाचेल.

कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या फायली असतील तर सगळ्याचीच आशा सोडा. कृतिदेवात 'मराठी' हा शब्द फायलीत खरं तर इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच असा असतो, फक्त वरून मराठीचा वेश. तिथं युनिकोड, म्हणजे आजचा खरा मराठी मजकूर टाकला की ठिगळ लावल्यासारखा वेगळाच दिसतो.

तिसरं कनाटा. हे टाइप करून देण्यासाठी नाहीच मुळात, बटणांची कामं बदलण्यासाठी आहे. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं, आणि अक्षर न बघता बटणाची जागा बघतं, त्यामुळं भाषेशी त्याला देणंघेणं नाही. माझ्याकडं कॅप्स लॉक नुसतं टेकवलं की भाषा बदलते, दाबून धरलं की ते कंट्रोल होतं. शंभर हत्यारांत हे एक मला लई आवडलं. सुरुवातीला मात्र भाषा बदलायचीच नाही. टेकवणं आणि दाबणं यातला फरक २०० मिलिसेकंदांवर ठेवला होता, आणि माझी बोटं लोखंडी मशीनवर तयार झालेली, बटण खोलवर दाबून मगच सोडणारी. २८० केलं तेव्हा जमलं.

याची फाइल कंसात कंस, त्यात कंस अशी. एक कंस राहिला तर ते सुरूच होत नाही, ते बरं. पण भाच्यानं एकदा दुसऱ्या लेअरवर (बटणांच्या दुसऱ्या मांडणीवर) जायचं बटण ठेवलं आणि परत यायचं ठेवायला विसरला. गिऱ्हाईक बसलेलं, आणि जे दाबीन त्याचं भलतंच होतंय. भाच्याला फोन लावला. डावा कंट्रोल, स्पेस आणि एस्केप एकदम दाबलं की कनाटा बंद होतं, असं त्यानं सांगितलं. हे तीन शब्द आता मॉनिटरच्या कडेला चिकटवलेत. बसवणार असाल तर हे आधी पाठ करा.

बाकीच्यांचं थोडक्यात. एखादंच बटण मेलंय आणि त्याचं काम शेजारच्याला द्यायचंय, एवढंच असेल तर पॉवरटॉइजमधला कीबोर्ड मॅनेजर पुरे, लिहायचं काहीच नाही, माउसनं निवडायचं. भाच्याच्या लिनक्सवर ऑटोकी होतं, पण ते एक्स-११ या लिनक्सच्या जुन्या पडदा-व्यवस्थेसाठीचं. तिच्या जागी आलेल्या नव्या वेलँडवर त्यानं कीडी घेतलं, ते कनाटासारखंच बटणं बदलतं. मॅकवाल्यांना कॅराबिनर-एलिमेंट्स आहे. ते मी वापरलेलं नाही, दुकानात मॅक परवडायला पाहिजे की.

माझ्यासारखं काउंटर चालवत असाल तर आधी ऑटोहॉटकी घ्या, तेही फक्त एफच्या बटणांपुरतं. महिन्यानं एस्पान्सो. कनाटा घरात शिकलेलं कुणी असेल तरच. कीबोर्डवर एफच्या ओळीला मी तालुक्यांच्या नावांची कागदी पट्टी चिकटवली आहे, वरून सेलोटेप. मुलीच्या बोटांनी ती घासत आली आहे. आजऱ्यातला 'आ' पुसला गेलाय, तेवढी नवी प्रिंट काढायचीय.