पारावरचं शिल्प: काम कसं झालं

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी बचत गटाच्या वर्गणीतून पारावर शिल्प बसवलं. शिल्पकार तालुक्याचेच, रस्त्यालगत टिनाच्या शेडमध्ये काम करतात. कोणाला असं काम करून घ्यायचं असेल तर या भाऊंकडे खुशाल जा, फक्त वेळ हाताशी ठेवा.

गावातल्या मंडळींना उंच चौथरा, लोखंडी कठडा आणि आत उभी शेतकरीण हवी होती. भाऊंनी मोबाइलवर बंगालचे शिल्पकार रामकिंकर बैज यांच्या ‘संथाल कुटुंबा’चा फोटो दाखवला. शांतिनिकेतनात १९३८ साली सिमेंट आणि जांभ्याच्या खडीतून घडवलेलं ते काम बुटक्या ओट्यावर आहे; बघणाऱ्याने त्याच्याभोवती फिरावं असं. “कठडा लावला का बाई गावापासून तुटली, ताई,” भाऊ म्हणाले.

मग ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पारावर बसले. कोण कुठून येतं, सावली कशी सरकते, पोळ्याला बैलजोड्या तोरणाखाली कुठून वळतात, सगळं विचारलं. फक्की टाकून जागा आखली आणि आठवडाभर तशीच सोडली. जिथली रेघ लोकांच्या पायांनी पुसली गेली, तिथे त्यांनी काहीच बांधलं नाही. माझ्या मते पैसे इथेच वसूल झाले.

आज कडुनिंबाच्या पूर्वेला, दुपारून सावली पडते त्या बाजूला, वेचणीहून आलेली बाई बसली आहे. कमरेला कापसाची ओटी, एक पाय लांब केलेला, आणि शेजारी दोघी बसतील एवढी मोकळी जागा. आमच्या पारावर बाया कधी बसत नव्हत्या, पदर सावरून पुढे निघून जायच्या. आता वावरातून येताना तिथे टेकतात, पाणी पितात. समोर मामाजी, म्हणजे माझे सासरे, बसलेले असले तरी मीही बसते.

चेहरा मला जरा ढोबळ वाटतो. बोटं मात्र बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली, अगदी खरी आहेत.

काम पेरणीआधी देतो म्हणाले, दिलं दिवाळीनंतर. फोन सहसा उचलत नाहीत, शेडवरच जावं लागतं. पहिल्या उन्हाळ्यात खांद्याला बारीक चीर गेली, ती येऊन बुजवली, पैसे घेतले नाहीत. मजुरी हप्त्याने चालते. वाहतुकीचा खर्च वेगळा लागतो, तो आधीच लिहून घ्या.

सध्या शेजारच्या गावी शाळेच्या अंगणात त्यांची फक्की पडली आहे. काम द्यायचा विचार असेल तर आधी तिथे जाऊन बघा.