चेहरा, ओळख आणि ‘मी’: आधी कोणतं पुस्तक घ्यावं?

चेहरा आणि ओळख या विषयावर वाचायचं म्हणून यादी काढायला बसलं, की मेंदूविकारतज्ज्ञाच्या नोंदी, आत्मकथनं, सोळाव्या शतकातला खटला, जपानी कादंबरी आणि शुद्ध तत्त्वज्ञान असं सगळं एकदम हाती लागतं. मराठीत हा पसारा एका शब्दात मावतो. कुणाची तरी ओळख आपल्याला पटते, आपण ओळख दाखवतो किंवा दाखवत नाही, आणि आपली स्वतःची म्हणून एक ओळख असते. यातली कोणती ओळख तुम्हाला छळते आहे त्यावरून पुस्तक ठरवा. नाहीतर चांगलं पुस्तकही पन्नासाव्या पानावर उपडं पडून राहतं. माझं तसं दोनदा झालं आहे.

ऑलिव्हर सॅक्स: १९८५ की २०१०?

मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांच्या पुस्तकांत बहुतेकजण ‘द मॅन हू मिस्टूक हिज वाइफ फॉर अ हॅट’पासून (१९८५) सुरुवात करतात. शीर्षकाच्या लेखातले डॉ. पी. संगीत शिकवतात. त्यांची नजर शाबूत आहे, पण दिसलेल्या तुकड्यांची मोट काही बांधली जात नाही. सॅक्स त्यांच्या हातात एक हातमोजा देतात. डॉ. पी. त्याचं काटेकोर वर्णन करतात: सलग पृष्ठभाग, स्वतःवरच दुमडलेला, त्याला पाच पिशव्यांसारखे भाग. हे काय असेल? काहीतरी भरून ठेवायचं साधन असावं. हातमोजा हा शब्द तेव्हा काही सुचत नाही. फोटोतला भाऊ कळतो तो चौकोनी जबड्यावरून आणि मोठ्या दातांवरून, आइनस्टाइन केसांवरून आणि मिशीवरून. समोर बसलेला विद्यार्थी मात्र तोंड उघडेपर्यंत परकाच.

लेख अप्रतिम आहे. पण पुस्तकात २४ लेख आहेत, आणि चेहरे न ओळखण्याची गोष्ट प्रामुख्यानं या एकातच येते. ‘मी कोण’ हा प्रश्न डोक्यात असेल तर जिमी या माजी खलाशाचा लेख आधी वाचा. १९७५ साली पन्नाशीला टेकलेला हा माणूस स्वतःला १९४५ मधला एकोणीस वर्षांचा पोरगा समजतो. सॅक्स त्याच्यापुढे आरसा धरतात, तो हादरतो, आणि थोड्याच वेळात आपण हादरलो होतो हेही विसरतो. शेवटचा भाग बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर आहे. त्यातली भाषा आज टोचते, तेवढी तयारी ठेवा.

‘द माइंड्ज आय’ (२०१०) तुलनेनं कमी वाचलं जातं, पण निव्वळ चेहऱ्यांसाठी मी हेच आधी सुचवेन. डॉ. पीं.ची गोष्ट लिहिणाऱ्या सॅक्सना स्वतःलाच चेहरे ओळखता येत नसत, आणि त्यावरचा मोठा लेख यात आहे. आपल्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून बाहेर पडल्यावर पाचच मिनिटांत इमारतीच्या दाराशी एक नीटनेटका माणूस त्यांना नमस्कार करतो. हा कोण, ते त्यांना कळत नाही. दारवान नाव घेतो तेव्हा उलगडतं, की हेच ते डॉक्टर. एका रेस्टॉरंटच्या खिडकीत पाहून ते दाढी सारखी करू लागतात, तर प्रतिबिंब दाढीला हातच लावत नाही. काचेपलीकडे दुसराच एक पांढऱ्या दाढीचा माणूस बसलेला असतो आणि तो यांच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतो आहे. सॅक्स हे हसत सांगतात. त्याच लेखात या अवस्थेमागचं शास्त्रही येतं. जोआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी १९४७ मध्ये तिला प्रोसोपॅग्नोसिया हे नाव दिलं. मेंदूला इजा न होता, जन्मापासूनच हा त्रास असलेले लोक शंभरात साधारण दोन असावेत असा अंदाज आहे. ‘भेटला तरी ओळख दाखवत नाही, शिष्ट आहे’ असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यातले काही या दोनातले असणार.

आतून सांगितलेलं

सॅक्सचा एक लेख पुरला नाही आणि असं आयुष्य रोज कसं जगतात ते हवं असेल, तर दोन आत्मकथनं आहेत. हेदर सेलर्स यांचं ‘यू डोन्ट लुक लाइक एनीवन आय नो’ (२०१०) आणि सेडी डिंगफेल्डर यांचं ‘डू आय नो यू?’ (२०२४). दोघींनाही आपल्याला चेहरे ओळखता येत नाहीत हे मोठेपणी कळतं. इतकी वर्षं कळलं कसं नाही, हा प्रश्न वाचताना सारखा पडतो, आणि दोघींची उत्तरं अगदी वेगळी आहेत.

सेलर्सची आई पराकोटीची संशयी. तो आजार होता, पण घरात त्याला आजार कुणीच म्हटलं नव्हतं. जिथं कशाचाच भरवसा नाही अशा घरात वाढलेल्या मुलीनं नेमका आपल्या नजरेवर संशय का घ्यावा? त्यामुळे हे पुस्तक चेहऱ्यांइतकंच आईचं आहे. ते हळूहळू उलगडतं आणि काही पानं जड जातात. डिंगफेल्डर पत्रकार आहेत, त्यांचा सूर खेळकर. दुकानात एका परक्या माणसाला नवरा समजून त्यानं घेतलेल्या पीनट बटरवरून त्या त्याला टोकतात, आणि तिथून थेट प्रयोगशाळांत जाऊन पोचतात. पुढे कळतं, की त्यांना वस्तूंची खोली, म्हणजे जवळ-दूरचा फरकही नीट दिसत नाही आणि डोळे मिटून चित्रंही आठवता येत नाहीत. नवं संशोधन हवं असेल तर डिंगफेल्डर. कुटुंबाची गोष्ट वाचायची आवड असेल तर सेलर्स. दोन्ही लागोपाठ वाचू नका, एकीच्या विनोदानं दुसरीच्या दुःखाची चव जाते.

चेहराच बदलला तर?

इथे बाजू पालटते. आता न ओळखणारा दुसरा आहे आणि चेहरा आपला. ल्युसी ग्रीली यांचं ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ फेस’ (१९९४) हे या यादीतलं माझं सर्वांत आवडतं. नवव्या वर्षी इविंग्ज सारकोमा हा कर्करोग, त्यात जबड्याचा मोठा भाग गेला. मग किमोथेरपी, आणि पुढची कित्येक वर्षं चेहरा पुन्हा घडवण्याच्या शस्त्रक्रिया. ग्रीली मूळच्या कवयित्री, म्हणून वाक्यं नेमकी आहेत आणि कीव मागत नाहीत. हॅलोवीनला मुखवटा घालून बाहेर पडल्यावर मिळालेली मोकळीक त्या सांगतात, तो परिच्छेद मी तिथल्या तिथे पुन्हा वाचला होता. कुणी टक लावत नाही, कुणी मान वळवत नाही. मुखवट्याआड ती मुलगी इतर मुलांसारखी झाली आहे. शेवटच्या प्रसंगात त्या रात्री एका कॅफेत बसून काचेत पाहतात, आता तरी आपल्याला स्वतःची ओळख पटते का म्हणून. सॅक्सची खिडकी आठवून पाहा.

कोबो आबे यांच्या ‘द फेस ऑफ अनदर’ (१९६४) या कादंबरीतही मुखवटाच आहे, पण तिथे तो सापळा होतो. प्रयोगशाळेतल्या अपघातात चेहरा गमावलेला शास्त्रज्ञ हुबेहूब माणसासारखा मुखवटा घडवतो. त्याच्यासाठी एका अनोळखी माणसाच्या चेहऱ्याचा साचा विकत घेतो. आणि मग परका पुरुष बनून स्वतःच्याच बायकोला मोहात पाडायला निघतो. सगळं तीन वह्यांत, बायकोला उद्देशून लिहिलेलं. तिचं उत्तर काय येतं ते इथे फोडत नाही. अडचण एवढीच, की मुखवटा घडवण्याची तांत्रिक वर्णनं आणि त्यावरचं चिंतन फार लांबतं. दुसऱ्या वहीपर्यंत चिकाटी लागते. एकच निवडायचं झालं तर ग्रीली. कडवट, अस्वस्थ करणारी कादंबरी पचवायची सवय असेल तर आबे.

तोतया

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिल्याची हकिकत माहीत असलेल्या मराठी वाचकाला पुढची दोन पुस्तकं लगेच भिडतील. फोटो नाही, बोटांचे ठसे नाहीत, ओळखपत्र नाही. मग माणूस ‘तोच’ हे ठरवायचं कुणी?

नॅटली झेमन डेव्हिस यांचं ‘द रिटर्न ऑफ मार्टिन गेर’ (१९८३) जेमतेम दीडशे पानांचं आहे. फ्रान्समधल्या आर्तिगा गावातून १५४८ मध्ये मार्टिन घर सोडून जातो. १५५६ मध्ये ‘मार्टिन’ परततो, बायको बेर्त्रांदबरोबर तीन वर्षं संसार करतो, आणि मग मालमत्तेवरून काकाशी बिनसतं. १५६० च्या खटल्यात पहिल्या न्यायालयापुढे सुमारे दीडशे साक्षीदार आले. तीसचाळीस म्हणाले हाच मार्टिन, पंचेचाळीसेक म्हणाले हा नव्हे, आणि साठेक जणांना सांगताच येईना! सगळ्यात पक्की साक्ष मोच्याची: मार्टिनचं पायाचं माप बारा, याचं नऊ. तरीही वरच्या न्यायालयात तोतया सुटायच्या बेतात होता, तेवढ्यात लाकडी पायाचा खरा मार्टिन दारात आला. बेर्त्रांदला पहिल्यापासून माहीत असावं असं डेव्हिस म्हणतात. ते मत सगळ्या इतिहासकारांना पटलेलं नाही, पण पुस्तकाचा जीव त्यातच आहे.

पार्थ चटर्जी यांचं ‘अ प्रिन्सली इम्पोस्टर?’ (२००२) जाडजूड आहे. पूर्व बंगालमधल्या भवाल जमीनदारीचा कुमार १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारल्याचं जाहीर झालं. बारा वर्षांनी ढाक्यातला एक संन्यासी तोच कुमार असल्याचं पुढे आलं. बहिणीनं त्याला ओळखलं, पत्नीनं शेवटपर्यंत नाकारलं. दावा १९३० मध्ये दाखल झाला आणि दीड हजारावर साक्षीदार तपासले गेले. संन्यासी १९३६ मध्ये जिंकला, १९४० मध्ये उच्च न्यायालयात आणि १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्येही, म्हणजे अपिलाच्या शेवटच्या न्यायालयातही. त्यानंतर काही दिवसांतच तो वारला. इथे फोटो होते, डॉक्टर होते, हस्ताक्षरतज्ज्ञ होते, आणि तरी शीर्षकातलं प्रश्नचिन्ह पुसलं गेलं नाही. कोर्टाचे तपशील चघळायला आवडत असतील तर चटर्जी सोडू नका. मधली काही प्रकरणं चाळली तरी चालतील.

यंत्रानं ओळखलेल्या चेहऱ्यांसाठी कश्मीर हिल यांचं ‘युअर फेस बिलाँग्ज टू अस’ (२०२३) आहे. इंटरनेटवरचे अब्जावधी फोटो गोळा करून पोलिसांना चेहराशोध विकणाऱ्या क्लिअरव्ह्यू एआय या कंपनीची ही पत्रकारी कहाणी. वेगवान आहे, पण माणूस ‘तोच’ कशामुळे, या प्रश्नात ती शिरत नाही.

शुद्ध तत्त्वज्ञान

तो प्रश्नच हवा असेल तर जॉन पेरी की डेरेक पारफिट? पारफिट यांच्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’च्या (१९८४) तिसऱ्या भागात यंत्रातून मंगळावर पाठवलेल्या माणसाचं उदाहरण आहे. इथलं शरीर नष्ट होतं, तिथे हुबेहूब नवं घडतं. तो तोच का? पारफिट विचारतात, तो तोच असण्याला एवढं महत्त्व का? पन्नासाव्या पानावर मी दोनदा सोडलेलं पुस्तक ते हेच. चूक माझी होती. पहिल्या पानापासून सुरुवात केली, थेट तिसऱ्या भागावर जायला हवं होतं.

पेरी यांचा ‘अ डायलॉग ऑन पर्सनल आयडेंटिटी अँड इम्मॉर्टॅलिटी’ (१९७८) म्हणजे छोटी पुस्तिका. अपघातानंतर मरणाच्या दारात असलेली तत्त्वज्ञानाची प्राध्यापिका आणि तिचा धर्मोपदेशक मित्र रुग्णालयात तीन रात्री वाद घालतात. मित्र म्हणतो, शरीर तेच दिसलं म्हणजे आत आत्माही तोच. ती चॉकलेटचं उदाहरण देते: वरच्या नक्षीवरून आत काय भरलंय ते कळतं, कारण तसं चॉकलेट आधी कधीतरी चावून पाहिलेलं असतं. आत्मा कुणी चावून पाहिलाय? मित्राला यावर चटकन उत्तर सुचत नाही, आणि पहिल्या रात्रीचा वाद तिथून खरा पेटतो. ही पुस्तिका एका संध्याकाळीत संपते, पारफिटला महिना लागेल.