पणजीत मिळणारा पितळी सागरी ॲस्ट्रोलेब: दोन दुरुस्त्या केल्या तर कामाचा

ॲस्ट्रोलेब म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची अंशांत मोजायचं जुनं उपकरण; खलाशी त्यावरून अक्षांश काढत. पणजीत पर्यटकांसाठीच्या दुकानांत या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. पातळ तबकडी, वर नक्षीदार जाळी आणि ताऱ्यांची नावं असतील, तर तो खगोलवेत्त्यांचा ॲस्ट्रोलेब. तो भिंतीवर शोभतो, पण डोलत्या डेकवर टिकणारी ती वस्तू नव्हे. दुसरा जाड, आऱ्यांच्या चाकासारखा, तो खलाशांचा. हे परीक्षण या दुसऱ्याचं आहे. व्यास १६ सेंमी, वजन सव्वा किलो, किंमत साडेतीन हजार रुपये.

घडण छान जमली आहे. आऱ्यांमधून वारा निघून जातो, धातू तळाशी जास्त आहे, त्यामुळे कडीला टांगला की लवकर स्थिरावतो. हा आकार अनुभवातून आला. ओमानच्या किनाऱ्याजवळ १५०३ मध्ये बुडालेल्या पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत सापडलेला ॲस्ट्रोलेब भरीव तबकडीचा, साडेसतरा सेंमी व्यासाचा आणि जेमतेम ३४४ ग्रॅमचा आहे. इतकी हलकी, भरीव चकती वाऱ्यात हेलकावणारच. पुढच्या काळातले आऱ्यांचे नमुने २ किलोंच्याही पुढे गेले.

आता दोष. मधल्या फिरत्या पट्टीवरच्या दोन पात्यांची भोकं ३ मिमीची आहेत आणि पात्यांत अंतर १० सेंमी. म्हणजे नेम दीड अंशाहून जास्त इकडेतिकडे होऊ शकतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, सुमारे १११ किमी. पणजीहून उत्तरेला एवढं सरकलं की विजयदुर्ग येतो, दक्षिणेला गोकर्ण! उपाय सोपा आहे: भोकांवर तांब्याची चिकटपट्टी लावून मधोमध सुईने छिद्र पाडायचं. दोन्ही छिद्रं पट्टीच्या मध्यरेषेपासून सारख्या उंचीवर हवीत, नाहीतर नवी चूक घरात येते.

दुसरा दोष सोबतच्या माहितीपत्रकात आहे. त्यात आकडे थेट उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, म्हणून वाचायला सांगितलेत. प्रत्यक्षात शून्य वर, कडीपाशी आहे. पोर्तुगीज पद्धतीच्या अनेक नमुन्यांत असंच असे. हे नतांश, म्हणजे खमध्यापासूनचं (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासूनचं) अंतर. पत्रक बाजूला ठेवावं.

ओळंबा तपासणं फार महत्त्वाचं. बाल्कांवात (घरापुढच्या पडवीत), वारा अडेल अशा जागी टांगून मांडवीपलीकडच्या रेइश मागूश किल्ल्याच्या एखाद्या ठळक टोकावर नेम धरा, आकडा लिहा. मग ॲस्ट्रोलेब कडीभोवती अर्धा फिरवून दुसऱ्या बाजूने तोच नेम. दोन आकड्यांतल्या फरकाचा निम्मा भाग ही ओळंब्याची चूक. जी बाजू वर उचललेली राहते, तिथे मागून गळाचं शिसं चिकटवून फरक शून्यावर आणता येतो. शिसं नको असेल, तर प्रत्येक मोजणी दोन्ही बाजूंनी करून सरासरी घ्यावी.

सूर्याकडे भोकातून कधीही पाहायचं नाही. वरच्या छिद्रातून आलेला प्रकाशाचा ठिपका खालच्या छिद्रावर पडेपर्यंत पट्टी फिरवायची. पणजीत सूर्य माथ्यावर घड्याळाच्या १२ ला येत नाही. वर्षभरात ही वेळ साधारण १२:१८ ते १२:४९ अशी सरकते. म्हणून १२:१० पासून दर पाच मिनिटांनी मोजावं आणि सर्वांत लहान नतांश धरावा. रविक्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, देणारं पंचांग जवळ हवं. पोर्तुगीज नाविकांचंही क्रांतीच्या कोष्टकांशिवाय भागत नसे. २१ डिसेंबरला नतांश ३८.९ यायला हवा. त्यातून दक्षिण क्रांती २३.४ वजा केली की पणजीचे १५.५ अक्षांश मिळतात. क्रांती उत्तर असेल तर ती नतांशात मिळवायची. मात्र मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. तेव्हा क्रांतीतून नतांश वजा करायचा. बहुतेकांचं उत्तर इथेच चुकतं. दुरुस्तीनंतर जमिनीवर अर्ध्या अंशापर्यंतची अचूकता मिळते, आणि या किमतीला ती उत्तमच आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी जुवांव द कास्त्रो १५३८ च्या लिस्बन ते गोवा प्रवासात सूर्य आणि होकायंत्र इतक्या चिकाटीने का मोजत राहिला, ते हे हातात धरल्यावर नीट कळतं.

त्याच फळीवर '१९१७, केल्विन अँड ह्यूजेस, लंडन' असं कोरलेला सेक्स्टंट (कोन मोजायचं नंतरच्या काळातलं सागरी उपकरण) दिसेल. तो जुना समजून घेऊ नये. त्या नावाची कंपनी १९४७ मध्ये झाली.

पावसाळ्यात खाऱ्या हवेने पितळ हिरवं पडतं. अंशांच्या रेघा उथळ आहेत, भुकटीने घासल्या तर पुसट होतील. कोकमाची सोलं भिजवलेल्या पाण्याने हलकेच पुसून, धुऊन, लगेच कोरडं करावं. घेताना दुकानातच टांगून पट्टी फिरवून बघा. सोडल्यावर ती आपोआप घसरत असेल, तर मधला खिळा सैल आहे. दुसरा नग मागा.