बायोलॉजीच्या मुलांना फिजिक्स: व्याख्यान, शेजाऱ्याशी चर्चा की गोल टेबलं?

मेडिकल किंवा बायोलॉजीकडे निघालेल्या मुलांना पायाभूत फिजिक्स शिकवायचं कसं, यासाठी अमेरिकी विद्यापीठांत तीन पद्धती चांगल्या रुळल्या आहेत.

सरळ व्याख्यानाला तयारी कमी लागते आणि पोर्शन वेळेत संपतो. मुलांच्या डोक्यात किती उतरतं, हा प्रश्न मात्र उरतो. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या यांत्रिकीच्या चाचण्या तपासल्या. सुरुवातीला जे येत नव्हतं, त्यातलं व्याख्यानाच्या वर्गांना सरासरी २३ टक्केच जमलं. मुलांना विचार करायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांना ४८ टक्के.

दुसरी पद्धत हार्वर्डच्या एरिक माझूर यांची, १९९१ पासूनची. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि पुन्हा उत्तरं घ्यायची. दोनशे मुलांच्या, उतरत्या बाकांच्या हॉलमध्येही हे चालतं.

तिसरी नॉर्थ कॅरोलायना स्टेटची 'स्केल-अप': एका गोल टेबलाला नऊ जण, तिघातिघांचे गट, लेक्चर आणि प्रॅक्टिकल एकत्रच. मुलं हाताने मोजतात, फळ्यावर मांडतात. पण खोली नव्याने उभारावी लागते आणि टेबलांमधून फिरायला सहायक लागतात. ते नसतील तर या वाटेला जाऊच नका.

माझं मत दुसरीच्या बाजूने, पण एका अटीवर. प्रश्न उतरणीवरच्या ठोकळ्याचे राहिले तर ही मुलं वादही कंटाळत घालतील. रक्तवाहिनीची त्रिज्या निम्मी झाली, दाब तोच, तर प्रवाह किती? बरेच जण निम्मा किंवा चौथा हिस्सा म्हणतील. पॉयझेलच्या नियमाने (नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो) तो सोळावा हिस्सा उरतो. किंवा ऑक्सिजनला पाण्यात नुसत्या विसरणाने (डिफ्यूजनने, म्हणजे आपोआप पसरत) १० मायक्रोमीटर जायला सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो, मग एक सेंटिमीटरला? जवळजवळ सात तास! पेशी एवढ्या लहान का आणि आपल्याला हृदय कशाला हवं, हे तिथे त्यांना आपसूक सुचतं.

कुरकुर होणार. २०१९ च्या हार्वर्डमधल्या प्रयोगात सक्रिय, म्हणजे स्वतः विचार करायला लावणाऱ्या वर्गातली मुलं व्याख्यानापेक्षा जास्त शिकली, पण त्यांना वाटलं की कमी शिकलो. हा निकाल पहिल्याच तासाला दाखवा. क्लिकरसाठी (बटण दाबून उत्तर नोंदवायच्या छोट्या रिमोटसाठी) पैसे नसतील तर ए-बी-सी-डीची रंगीत कार्डं वाटा.