काळ्या रानात स्टीलची टाकी: पायाचा एकोणीस महिन्यांचा अनुभव

जालना तालुक्यात आमची साडेचारशे मोसंबीची झाडं आहेत. जमीन काळी आणि भारी, उन्हाळ्यात भेगेत कोपरापर्यंत हात जातो. मार्च २०२४ मध्ये ठिबकसाठी एक लाख लिटरची, नट-बोल्टने जोडायची पत्र्याची गोल टाकी बसवली. व्यास ७.३ मीटर, उंची २.४ मीटर, आतून लायनर, म्हणजे पाणी धरणारं प्लास्टिकचं अस्तर. उन्हाळ्यात बागेला दोन दिवसांचं पाणी तिच्यात मावतं. टाकीबद्दल लिहिणारे भरपूर आहेत, म्हणून मी फक्त तिच्या पायाबद्दल लिहितो.

आमची पहिली टाकी लहान होती, वीस हजार लिटरची. ठेकेदाराने माती चोपून वर चार इंच काँक्रीट टाकलं आणि टाकी ठेवली. दोन पावसाळ्यांत ती एका अंगाला दीड इंच कलली आणि आउटलेटचा पाइप जोडापाशी तुटला. भर मे महिन्यात टाकी रिकामी झाली, तेव्हा दोन ओळी मोसंबीची फळगळ बघावी लागली. ते अजून मनातून गेलेलं नाही.

तेव्हा सगळे म्हणाले, "वजन पेललं नाही." मलाही तसंच वाटलं होतं. पण हिशेब करा. २.४ मीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला २.४ टन, मग टाकी रुंद असो की अरुंद. एवढा भार काळी मातीही सहज घेते. खरा त्रास तिच्या फुगण्या-आकसण्याचा. स्लॅबखाली ऊन लागत नाही, त्यामुळे मधली माती ओल धरून राहते. कडेची माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. मधली आणि कडेची माती वेगवेगळी हलली की काँक्रीट कितीही जाड असो, ते तडकतं किंवा कलतं. म्हणून या वेळी पैसा काँक्रीटमध्ये न घालता मुरुमात घातला.

नव्या टाकीसाठी ९.३ मीटर व्यासाचा, म्हणजे टाकीच्या चहूबाजूंनी मीटरभर जास्त, असा गोल आखला. अडीच फूट काळी माती काढली. खड्ड्यात दगड-खडी भरा, असा सल्ला मिळाला होता. तो ऐकला नाही हे बरं झालं. काळ्या मातीतला खड्डा म्हणजे मडकंच. खडीच्या फटींतून पाणी खाली उतरून साठतं आणि तळाची माती फुगवतं. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर द्यायची पद्धत मांडली आहे. म्हणून आम्ही थोडा चिकटपणा असलेला लाल मुरूम आणला, सैल मापाने ३२ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी, मग रोलर. मुठीत दाबल्यावर मुरुमाचा गोळा व्हावा पण तळव्याला पाणी सुटू नये, एवढीच ओल. रोलर कडेला पोहोचत नव्हता तिथे धुम्मस, म्हणजे हाताने माती चोपायचं जड साधन, वापरली. जमिनीच्या वर आणखी फूटभर भराव घेतला. या कामाला नऊ दिवस लागले. इथे घाई करू नका, हात जोडून सांगतो.

पत्र्याच्या भिंतीखाली फक्त कडेने गोल आरसीसी बीम आहे, एक फूट रुंद आणि दीड फूट खोल, त्यातच अँकर बोल्ट. भरलेली टाकी वाऱ्याला दाद देत नाही, पण रिकामी असली की वळवाच्या वाऱ्यात ती पत्र्याचा डबाच असते, म्हणून बोल्ट हवेतच. झिंक-अॅल्युमिनियमचा मुलामा ओल्या सिमेंटला लागून खराब होतो, त्यामुळे पत्रा आणि बीम यांच्या मध्ये डांबरी फेल्टची पट्टी घातली. आतल्या तळाला दोन इंच चाळलेली वाळू, वर जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड), मग लायनर.

बीमवर आठ खुणा करून पाण्याच्या पारदर्शक नळीने विहिरीच्या बांधकामाशी लेव्हल ताडत आलो. नळीत एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे धरायचेच. पहिल्यांदा टाकी तीन टप्प्यांत आठवडाभर भरली, तेव्हा सगळीकडे सारखंच ४ मिलिमीटर बसलं. पहिला उन्हाळा तसाच गेला. त्या ऑगस्टमध्ये मात्र ओव्हरफ्लोचा पाइप निसटून पाणी आठ-दहा दिवस पश्चिमेच्या कडेशी पडत राहिलं. माझ्या लक्षात उशिरा आलं आणि ती बाजू ६ मिलिमीटर वर उचलली. लायनरला काही झालं नाही. आउटलेटला रबरी लवचीक जोड घेतला होता, त्याने पाइपही वाचला. मग ओव्हरफ्लो वीस फूट लांब चारीत सोडला आणि भरावाभोवती बाहेरच्या बाजूला उतार काढला. पुढच्या मेपर्यंत निम्मी उचल उतरली. सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीत आजूबाजूला गुडघाभर पाणी होतं, तरी मेच्या आणि ऑक्टोबरच्या मापातला फरक २ मिलिमीटरच्या आत आहे.

दोन गोष्टी आता वेगळ्या केल्या असत्या. मोसंबीची ओळ टाकीपासून बारा फुटांवर आहे. मुळं त्या बाजूची ओल ओढतात, म्हणून टाकी आणखी लांब हवी होती. दुसरं, भरावाच्या उघड्या कडेला घुशीने बिळं केली. ती बुजवून दोन फूट रुंद खडीचा पट्टा टाकला, तेव्हापासून नवं बीळ दिसलेलं नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

हा सगळा खर्च प्रत्येकाला लागेलच असं नाही. आधी टाकीच्या जागी पाच फुटांचा खड्डा घेऊन बघा. दोन फुटांवर मुरूम लागला, तर वरची माती काढून तेवढाच भराव चोपला आणि कडेने बीम दिला की भागतं. पाच फुटांपर्यंत काळीच निघाली, तर रोलर सांगून ठेवा.