टीएमटी की सीटी अँजिओ? चिठ्ठीवर दोन्ही लिहिलेलं असेल तर

ईसीजी ठीक, टूडी इको ठीक, तरी छातीतलं दुखणं थांबत नाही. मग डॉक्टर चिठ्ठीवर 'टीएमटी किंवा सीटी अँजिओ' लिहितात आणि तुमचं तुम्ही ठरवा म्हणतात. टीएमटी म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी; सीटी अँजिओ म्हणजे नसेतून डाय (रंगद्रव्य) सोडून स्कॅनरने काढलेली हृदयाच्या धमन्यांची चित्रं. गेल्या वर्षी मी नेमका इथे होतो. वय 58, बीपीची गोळी सहा वर्षं चालू. चढ लागला की छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं जड व्हायचं, उभं राहिलं की दोन मिनिटांत उतरायचं. बसल्या जागी दुखत असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर मात्र यातलं काहीच निवडत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

मी आधी टीएमटी केली. सुई नाही, रेडिएशन नाही, तालुक्याच्या गावी सोय होती आणि 1,800 रुपयांत काम झालं. सीटीला पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी 11,000 मोजले. टीएमटीचं एक मोठेपण मी आजही मानतो: ज्या श्रमाने दुखतं, तेच श्रम ती तुमच्याकडून करून घेते. ब्रूस प्रोटोकॉल या नेहमीच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेगही वाढतो आणि चढही. नऊ-दहा मिनिटं चालून ज्याच्या ईसीजीत काही बदल होत नाही, त्याचं पुढचं सहसा बरं असतं. माणूस किती दमाचा आहे, हे सीटीच्या चित्रात दिसत नाही.

माझं घोडं अडलं ते नाडीवर. 220 मधून वय वजा केलं की 162, त्याचे 85 टक्के म्हणजे 138. तिथवर ठोके जायला हवेत. मी पाच मिनिटं चाळीस सेकंदांत थकलो तेव्हा नाडी होती 118. रिपोर्टात आलं: लक्ष्य गाठलं नाही, चाचणी अनिर्णायक. कारण नंतर कळलं. माझी बीपीची गोळी मेटोप्रोलॉल, आणि तिचं कामच ठोके आवरून धरण्याचं. अपॉइंटमेंट देताना केंद्रावर 'हलकं खाऊन या, बूट घालून या' एवढंच सांगितलं होतं, गोळीचं कोणी विचारलं नाही. घरी आल्यावर सगळे विचारत होते, काय निघालं? 'काही निघालं नाही' आणि 'काही कळलं नाही' यातला फरक ऐंशीच्या घरातल्या आईला कसा समजावायचा? तीन आठवडे मी जिना चढताना श्वास मोजत होतो. सीटीकडे वळलो तो या तीन आठवड्यांमुळे.

गंमत म्हणजे ज्या गोळीने टीएमटी वाया घालवली, तीच सीटीला कामी आली. सीटीत ठोके साठ-पासष्टच्या आत लागतात, नाहीतर धमन्यांची चित्रं पुसट येतात. माझे 58 होते. शेजारचे एक गृहस्थ ठोके उतरावेत म्हणून गोळी घेऊन तासभर बसून होते. आधी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनीन पाहिलं, हातात सुई लावली, जिभेखाली धमन्या रुंदावणारं औषध दिलं. डाय गेला तेव्हा घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट गेली, दहाएक सेकंद श्वास रोखला, झालं.

रिपोर्ट असा: कॅल्शियम स्कोअर (धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचं माप) 86, डावीकडच्या पुढच्या मोठ्या धमनीत 30 ते 40 टक्के अडथळा. स्टेंट लागणार नव्हता. पण कोलेस्टेरॉलची गोळी त्याच दिवशी सुरू झाली आणि माझ्या दृष्टीने सगळं वजन इथे आहे. समजा माझी टीएमटी नीट पार पडली असती, तरी ती बहुधा निगेटिव्हच आली असती, कारण साधारण 70 टक्क्यांच्या पुढे धमनी आवळली गेल्याशिवाय पट्ट्यावर सहसा काही उमटत नाही. मी निर्धास्त घरी आलो असतो आणि धमनीतली ती चरबीची साठवण तशीच वाढत राहिली असती.

स्कॉटलंडमध्ये 4,146 रुग्णांवर झालेल्या स्कॉट-हार्ट अभ्यासाचा पाच वर्षांचा हिशेब 2018 साली आला. नेहमीच्या तपासण्यांच्या जोडीला सीटी केलेल्यांत हार्ट अटॅक किंवा हृदयधमन्यांच्या विकाराने मृत्यूचं प्रमाण 2.3 टक्के होतं, न केलेल्यांत 3.9. उत्तर अमेरिकेतल्या दहा हजार रुग्णांच्या 2015 च्या प्रॉमिस अभ्यासात मात्र आधी सीटी केलेले आणि आधी टीएमटीसारखी ताणाची चाचणी केलेले, अशा दोन्ही बाजू साधारण दोन वर्षांत सारख्याच ठरल्या. म्हणून सीटी सर्वांनीच करावी, असं मी म्हणणार नाही.

आणि सीटीने माझं सगळं कोडं सोडवलं असंही नाही. डॉक्टर म्हणाले, एवढ्या अडथळ्याने छाती दुखायला नको, बारीक रक्तवाहिन्यांचा दोष असू शकतो आणि तो या चित्रात येत नाही. औषधांनी दुखणं बरंच कमी झालंय, पूर्ण गेलेलं नाही.

किडनी कमजोर असेल, डायची ॲलर्जी असेल, ठोके अनियमित असतील, लहान स्टेंट बसवलेला असेल, तर सीटीचा आग्रह धरू नका. आमच्या शेजारच्या काकांचं वय 74, जुना मधुमेह. त्यांच्या धमन्यांत कॅल्शियम इतकं होतं की आत काय आहे ते दिसेना, शेवटी थॅलियम स्कॅन (हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोहोचतं ते दाखवणारा) करावा लागला. उलट वहिनींची टीएमटी पॉझिटिव्ह आली, मनगटातून तार घालून अँजिओग्राफी झाली आणि धमन्या स्वच्छ निघाल्या. बायकांच्या टीएमटीत असं जास्त होतं. तरुण बाईला रेडिएशन टाळायचं असेल तर स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेली सोनोग्राफी) बरी, फक्त करणारा हात सरावाचा हवा.

टीएमटीच करणार असाल, तर बीपीच्या गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवा आणि चाचणीआधी ती थांबवायची का, किती दिवस, ते लिहून घ्या. स्वतःच्या मनाने बंद करू नका, ही गोळी एकदम सोडली तर छातीत दुखणं वाढू शकतं. सीटी केलीत तर रिपोर्टाबरोबर चित्रांची सीडी मागून घ्या. मी ती घ्यायला दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस किलोमीटर गेलो होतो.