विमान बदलायला युरोपातला कोणता विमानतळ बरा?

आईचे गुडघे दुखतात आणि व्हीलचेअरचं नाव काढलं की ती चिडते. त्यामुळे युरोपात विमान बदलायचं असलं की तिकिटाच्या दराआधी मी विमानतळाचा नकाशा बघते. माझी कसोटी एकच, पायी किती चालावं लागतं.

प्रवासीसंख्येत लंडनचं हीथ्रो पहिलं. २०२४ मध्ये जवळजवळ ८ कोटी ३९ लाख, तेही दोनच धावपट्ट्या आणि जेमतेम १२ चौरस किलोमीटर जागेत! पॅरिसच्या शार्ल द गॉलकडे ३२ चौरस किलोमीटर आणि चार धावपट्ट्या, तरी प्रवासी ७ कोटींच्या घरात. मग हीथ्रो आटोपशीर असेल? छे. टर्मिनल ४ आणि ५ बाकीच्यांपासून लांब आहेत. टर्मिनल बदललं की बस आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. ५ वर उतरून ५ वरूनच निघायचं असेल, तरच मी हीथ्रो घेते. धावपट्ट्या भरलेल्या असल्या की विमानं लंडनवर घिरट्या घालत राहतात. आईची त्याला हरकत नसते, तिला खिडकीतून थेम्स दिसते.

पॅरिसचं 'टर्मिनल २' नावालाच एक. २ए ते २जी असे त्याचे सात भाग, आणि २जी इतकं बाजूला की बसनेच जावं लागतं. तिकिटावरचं ते अक्षर बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

माझी पसंती ॲमस्टरडॅमच्या स्किपोलला. वर्षाला साडेसहा कोटींहून जास्त प्रवासी, सहा धावपट्ट्या, पण टर्मिनलची इमारत एकच. पोल्डरबान नावाच्या धावपट्टीवर उतरलात तर विमान जमिनीवरच पाव तास धावत राहतं आणि लोक कुरकुरतात. मला ते चालतं, तेवढा वेळ आपण बसूनच असतो ना! आत सरकते पट्टेही आहेत.

एकच छप्पर इस्तंबूललाही आहे. २०१८ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ आता ८ कोटी प्रवासी हाताळतो. देखणा, प्रशस्त, आणि गुडघेदुखीवाल्यांसाठी नको इतका प्रशस्त.

माद्रिदचं टर्मिनल ४ मात्र उगीच दुर्लक्षित राहतं. मुख्य इमारत आणि उपइमारत यांच्यामध्ये भुयारी गाडी आहे, आणि खांबांचे रंग टप्प्याटप्प्याने बदलत जातात, म्हणून चुकामूक झाली तरी फोनवर 'पिवळ्या खांबांपाशी ये' एवढं सांगून भागतं. फ्रँकफर्टला टर्मिनलांमध्ये स्कायलाइन नावाची गाडी धावते. सोय ठीक, पण तिथे दोन तासांपेक्षा कमी वेळाचं तिकीट मी काढणार नाही.